चौथ्या रकान्यातलं नाव

बोआमाक्रोम,
१२ फेब्रुवारी १९९६

ती. निमाको मामांस,
बिरागोचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाताळचं पत्र आणि सुक्या मासळीची टोपली दोन्ही पोचलं. टोपली चार दिवसांत संपली, पत्र मात्र आई अजून माझ्याकडून वाचून घेते. ताकोराडीची समुद्राची हवा मामींच्या गुडघ्यांना मानवत नाही हे ऐकून तिला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. ती म्हणते की गुडघे सगळ्यांनाच असतात, हे तिला उगाच विसरायला झालं होतं.

आता कामाचं. आपल्या घरामागचा टोपलीचा संडास नगरसभेच्या माणसांनी परवा फळ्या ठोकून बंद केला. तसा कायदाच आला आहे आणि तो योग्य आहे. माणसाने माणसाची घाण डोक्यावरून वाहायची, हे कधीतरी थांबायलाच हवं होतं. शिवाय गल्लीतून नवी ड्रेनेज लाइन गेली आहे, आपल्या दारापासून जेमतेम बारा पावलांवर. ज्याला हवं त्याने अर्ज करावा, परवाना घ्यावा आणि लायसन्सवाल्या प्लंबरकडून जोडणी करून घ्यावी. मी शाळा सुटल्यावर अर्ज घेऊन आले. त्याला अकरा रकाने आहेत. पहिले तीन उभ्याउभ्या भरले: गल्ली, घर क्रमांक, राहणारी माणसं तेवीस. चौथ्यात अडकले. तिथे छापलंय, 'मालकाचे नाव व सही'.

खिडकीतल्या कारकुनाला मी सांगितलं की हे कुळाचं घर आहे, आईच्या मामांनी, म्हणजे अमोआको आजोबांनी कोकोच्या पैशातून कुळासाठी बांधलेलं, त्याला एकटा मालक नाही. तो म्हणाला की बाई, छप्पर आहे म्हणजे मालक असणारच. मी म्हटलं, आहेत ना, पण त्यातले निम्मे वारलेत आणि निम्मे अजून जन्मायचेत. तर म्हणतो कसा, की मग मधल्यांपैकी एकाला घेऊन या.

तुम्ही कुळाचे कर्ते. तुमची एक सही आली तर काम होईल. घाई आहे ती आईसाठी. तोवर तिला बाजारामागच्या सार्वजनिक संडासात जावं लागतं. उतारावर एकशे चाळीस पावलं, मग रांग. दारातला माणूस पैसे घेऊन जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा हातावर ठेवतो. परवा आईच्या वाट्याला कुणा पुढाऱ्याचं स्वच्छतेवरचं भाषण आलं होतं. जाताना उतार म्हणजे येताना चढ, आणि तिचा खुबा तुम्हाला ठाऊक आहे.

घरात सगळे ठीक. लोभ आहेच, त्याच्यासोबत सहीही यावी ही विनंती.

आपली भाची,
बिरागो

•

ताकोराडी,
१ मार्च १९९६

चि. बिरागो हिस अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं अक्षर सुधारलं आहे, विचार अजून सुधारायचे आहेत.

मी बंदरात छत्तीस वर्षं कागद हाताळले. न वाचता मी कधी सही केली नाही, आणि वाचल्यावर तर मुळीच केली नाही. म्हणून आज निवृत्तिवेतन खातो आहे. तू मला मालक म्हणून सही करायला सांगतेस, तेव्हा वरच्या आळीतल्या डोम्फे घराण्याचं काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांच्या कर्त्याने विजेच्या मीटरसाठी अशीच मालक म्हणून सही केली होती. माणूस देवमाणूस. तो गेला, आणि सहा वर्षांनी त्याचे मुलगे ते बिल घेऊन कोर्टात उभे राहिले, की घर आमच्या बापाचं. आपल्या रीतीप्रमाणे घर बहिणीच्या मुलांकडे जायचं, पण ज्यांच्या हक्काचं होतं ते भाचे बघत बसले. आज त्या अंगणात कर्त्याच्या बायकोच्या माहेरची माणसं कोंबड्या पाळतात. तुझी मामी म्हणते, आपले मुलगे तसं करणार नाहीत. त्यांना मी वाढवलंय. मला माहीत आहे.

तेव्हा रीतसर कुळाची बैठक घ्यावी. सगळ्या शाखांना निरोप जावा. पूर्वजांना अर्पण करायला श्नॅप्सची, म्हणजे कडक परदेशी दारूची, बाटली आणावी, ती सीलबंद असल्याची थोरला भाचा तुफूर याच्याकडून खात्री करून घ्यावी. माझ्याने प्रवास होत नाही, माझं मत पत्राने कळवत जाईन.

अक्काला सांग, सावकाश चालावं. घाईने पडायला होतं.

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.

तुझा मामा,
याव निमाको

•

बोआमाक्रोम,
२२ एप्रिल १९९६

ती. मामांस शि. सा. न.

बैठक झाली. एकतीस माणसं आली. त्यातल्या चौघांना मी आजवर पाहिलंच नव्हतं, पण त्यांना घराची प्रत्येक खोली कुणाची आहे ते पाठ होतं. तुफूर दादा टायरच्या दुकानाच्या पिकअपमधून आला आणि बाटली उन्हात धरून त्याने सील तपासलं. पूर्वजांना बोलावलं, त्यांना पाजलं, मग आपण प्यालो.

ठराव दोन झाले. पहिला: पोकुआबाईंना, म्हणजे आईला, या वयात उतारावर ये-जा करायला लावणं कुळाला शोभत नाही, संडास घरातच हवा. एकमताने मंजूर. दुसरा: मालक म्हणून हयात असलेल्या कुणाचंही नाव अर्जात जाऊ नये. हाही एकमताने. आपल्या कुळात इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

माझं नाव एकाने सुचवलं, की ही इथेच राहते, कागद हिला कळतात. तुफूर दादा लगेच म्हणाला, की हो तर, आज मालकीण केली तर उद्या ही मास्तरीण दाराला घंटा बसवेल आणि आम्हाला रांगेत आत सोडेल. सगळे हसले. मीही हसले, पण मामा, मनातून लागलं. मी म्हटलं, मग दादा, तुझं लिहू या का? तर हसणं तिथल्या तिथे थांबलं आणि सगळे वाडग्यात बघू लागले.

जेवणाला कुटलेल्या कंदांचा फुफू आणि पाम फळांचं कालवण होतं. जेवण झाल्यावर नऊ जणांनी एकेक करून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, की जायचं कुठे? मी उतार दाखवला.

एक नवीन गोष्ट कळली. ऑक्टोबरअखेर आपल्या गल्लीवर डांबर पडणार आहे. एकदा डांबर पडलं की पाच वर्षं रस्ता खणायला परवानगी नाही, असा नियम आहे. पाच वर्षांनी आई अठ्ठ्याहत्तरची होईल, झाली तर. मार्ग सुचवावा. तुमची माया पत्रातून पोचते, पण ती पाइपातून पोचायला हवी आहे.

बिरागो

•

ताकोराडी,
१० मे १९९६

चि. बिरागो हिस आशीर्वाद.

ठराव वाचले. दुसऱ्या ठरावाची भाषा उत्तम आहे. 'हयात असलेल्या' हा शब्द कुणी घातला त्याला माझी शाबासकी दे.

कारण मार्ग त्यातच आहे. अर्जात अमोआको मामांचं नाव लिही. घर त्यांनीच बांधलं, हे शत्रूही नाकारणार नाही. ते १९५१ साली वारले, म्हणजे त्यांच्यापासून घराला धोका नाही. मेलेला माणूस घर बळकावत नाही. तुफूरशी फोनवर बोललो, त्यालाही पसंत आहे.

अक्काचा खुबा कसा आहे? तिने शेकत जावं.

इथे मासळी महाग झाली आहे, तेव्हा या वेळी टोपलीऐवजी आशीर्वादच पाठवतो.

याव निमाको

•

बोआमाक्रोम,
३ जुलै १९९६

ती. मामांस,

सा. न. करते आणि थेट मुद्द्यावर येते, राग धरू नये.

अमोआको आजोबांचं नाव मी लिहिलं. कारकुनाने ते वहीत उतरवलं, शिक्का मारला, मला पावती दिली. मला वाटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नियमाप्रमाणे चर खणण्यापूर्वी आणि पाइप टाकल्यावर अशा दोन्ही तपासण्यांना मालकाने स्वतः हजर राहावं. मी धावत गेले आणि खरं काय ते सांगितलं. कारकून म्हणाला, की मग मृत्यूचा दाखला आणि वारसाचं नाव आणा. वारसाचं नाव कुठे लिहायचं, विचारलं. म्हणाला, की चौथ्या रकान्यात.

तो माणूस वाईट नाही. त्याने मला बाकीचे नियम समजावून दिले, पावसाचं पाणी या लाइनीत सोडायचं नाही, स्वयंपाकघराच्या पाण्याला तेलकटासाठी वेगळा चेंबर हवा, पाइपाला उतार किती हवा. मला आता सगळं येतं. उद्या शाळा सुटली तर प्लंबर होईन.

पण हे लिहायला बसले ते आईसाठी. मामा, आईने पाणी सोडलंय. मला कळायला उशीर झाला. मला वाटायचं, उन्हामुळे थकते. मग लक्षात आलं की सकाळी भांडं भरून पेज प्यायची ती आता एक घोट घेऊन बाजूला ठेवते, आणि दुपारनंतर काहीच तोंडात घेत नाही. विचारलं तर म्हणाली, की जेवढं वरून घालीन तेवढ्यासाठी मला तो चढ चढावा लागतो, बाई. हिशोब सोपा आहे. गेल्या रविवारी प्रार्थनेला उभी राहिली आणि बाकावरच कोसळली. दवाखान्यातली नर्स तिला रागावली, की आजी, मूत्रपिंडं वाळवून घेताय. आईने तिलाच विचारलं, तुझ्या घरी संडास आहे का गं?

आपण तेवीस माणसं या घरात राहतो आणि एकतीस माणसं बाहेरून ठराव करायला येतात, आणि एक म्हातारी बाई तहानेने मरते आहे. मला याची लाज वाटते. तुम्हालाही वाटावी अशी प्रेमाची विनंती.

बिरागो

•

ताकोराडी,
२० जुलै १९९६

ती. अक्कास, याव निमाकोचा सा. न. वि. वि.

बिरागोने हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवावं, मध्ये गाळू नये.

तू पाणी पीत नाहीस हे ऐकून काळजी वाटते. माणसाने पाणी प्यावं. ते आरोग्याला आवश्यक आहे. मी स्वतः दिवसाला सहा पेले पितो.

दुसरी बैठक ऑगस्टमध्ये ठेवावी असं तुफूरला कळवलं आहे. तोपर्यंतची सोय म्हणून सोबत येणाऱ्या ट्रकवाल्याकडून इनॅमलचं झाकणाचं भांडं पाठवत आहे. निळी फुलं आहेत, चांगलं परदेशी आहे. संकोच करू नये.

मुलीचा स्वभाव तिखट होत चालला आहे, लक्ष असू दे. आणि या धाकट्या भावावर तुझी सावली असू दे.

याव

•

बोआमाक्रोम,
२७ ऑगस्ट १९९६

ती. मामांस शि. सा. न.

भांडं पोचलं. फार सुंदर आहे, आईने त्यात कांदे ठेवलेत. ती म्हणाली, की टोपली वाहणारी माणसं पहाटे कशी मान खाली घालून जायची ते मी चाळीस वर्षं पाहिलं, आता माझी टोपली माझ्या लेकीने उचलायची होय? मी म्हटलं, मला काही वाटणार नाही. ती म्हणाली, मला वाटेल. विषय संपला.

दुसरी बैठक झाली नाही. तुफूर दादाला कुणाच्या तरी दिवसकार्याला जायचं होतं. तिसरी तारीख अजून ठरलेली नाही.

आई फार वाळली आहे. आता ती उतारावर दिवसाआडच जाते. गेल्या शनिवारी तिने ट्रंक काढायला लावली. सगळी वस्त्रं एकेक करून अंगणात दोरीवर घातली, आणि कुठलं अंगावर घालायचं, कुठलं खाली अंथरायचं, कुठलं कुणाला द्यायचं ते मला सांगितलं. अंघोळ कुणी घालायची तेही सांगितलं. मावशीच्या सुनेने घालायची नाही, तिचे हात गार असतात. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

डांबराचे पिंप गल्लीच्या टोकाला येऊन पडलेत. तुम्ही आम्हाला विसरत नाही हे माहीत आहे, आठवणही काढत जावी.

बिरागो

•

ताकोराडी,
४ सप्टेंबर १९९६

चि. बिरागो हिस घाईने आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन रात्री डोळा लागला नाही. अक्काने वस्त्रं काढली म्हणजे तिला कळलं आहे. आमची आई जाण्याआधी तीन आठवडे अशीच ट्रंक उघडून बसली होती.

मी शुक्रवारी निघतो. तुझ्या मामीचे गुडघे इथेच राहतील. शनिवारी बैठक, सगळ्यांना निरोप गेले आहेत, आणि या वेळी दिवसकार्य वगैरे कारणं चालणार नाहीत. अक्का म्हणजे कर्त्याची थोरली बहीण. तिच्या अंत्यविधीला चारशेच्या खाली माणूस येणार नाही. ताकोराडीहून एक बस, बंदराचे जुने लोक, चर्चची मंडळी, तुफूरचे व्यापारी. दोन दिवस राहतील, जेवतील, पितील. मला सांग, ती जाणार कुठे? चारशे माणसांना आपण उतार दाखवणार? आपल्या कुळाच्या दारात अशी शोभा झालेली मी जिवंतपणी पाहणार नाही.

अर्ज शोधून ठेव. काळं पेन असू दे.

बाकी भेटीत. धीर सोडू नये, तो मी घेऊन येतो आहे.

याव निमाको

•

ताकोराडी,
२८ सप्टेंबर १९९६

चि. बिरागो हिस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. सात महिन्यांचं काम अर्ध्या तासात उरकलं, याला म्हणतात कर्ता. तुम्हा तरुणांना पटत नाही, पण माणसाने माणसासमोर बसलं की मार्ग निघतो. अक्काचंच नाव चौथ्या रकान्यात लिहावं ही कल्पना माझी, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. तुफूरसुद्धा एका शब्दाने आड आला नाही. जी निघालीच आहे तिच्या नावाने कुणाचं काय बिघडतं? नाताळापर्यंत नाव आपोआप कमी होईल, पाइप मात्र जागेवर राहील. अंगठाही मी स्वतः खोलीत जाऊन घेतला, त्यामुळे उद्या कुणी शंका काढायला नको.

इकडची तयारी: शोकाचं कापड तीनशे माणसांपुरतं सांगितलं आहे, लाल आणि काळं. बँडवाला नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत मोकळा आहे. तंबूवाल्याला तारीख हवी आहे. पाइपाचं काम कुठवर आलं ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे बोलता येईल.

तू रडत बसू नकोस. प्रत्येकाला जायचंच आहे.

याव निमाको

•

बोआमाक्रोम,
४ नोव्हेंबर १९९६

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल क्षमा असावी. महिनाभर मी शाळा आणि चर यांच्यामध्येच राहत होते.

परवाना नवव्या दिवशी आला. ज्या खिडकीशी मी सात महिने उभी राहिले तिथे तुफूर दादा एकदाच गेला आणि म्हणाला, की अंत्यविधी आहे. कारकुनाने उभं राहून सहानुभूती व्यक्त केली. कुळाला मढं प्यारं म्हणतात आपल्याकडे. नगरसभेलाही तेच प्यारं असतं, हे नवीन कळलं.

प्लंबर चांगला मिळाला. पण तुफूर दादाला घाई. चर खणला, पाइप टाकला, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने माणसं लावून माती ढकलली, वर फरशीसुद्धा बसवली, का तर तंबूचे खांब तिथेच यायचेत. दुसऱ्या दिवशी ओव्हरसिअर लॅम्प्टे साहेब आले. फरशीकडे बघून म्हणाले, काम सुरेख झालंय, आता उकरा. नियम असा, की पाइप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चर बुजवायचा नाही. दादा आवाज चढवून म्हणाला, की घरात बाई मरायला टेकली आहे. साहेब म्हणाले, की त्यांना सांगा चार दिवस थांबा. आईला हे आतून ऐकू आलं. ती हसली. मार्चनंतर पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं.

उकरलं तेव्हा कळलं की गडबडीत मधला तुकडा उलट्या उताराने बसला होता. तसाच राहिला असता तर तुमच्या चारशे पाहुण्यांचं सगळं अंगणात परत आलं असतं. पुन्हा पाइप, पुन्हा बादलीभर पाणी ओतून तपासणी. चोवीस ऑक्टोबरला साहेबांनी सही केली. एकोणतीसला डांबर पडलं.

चोवीसच्या दुपारी घरातली सगळी माणसं अंगणात काही ना काही कामं काढून बसली होती. कुणी केळी सोलत होतं, कुणी सोललेली परत सोलत होतं. आई काठी टेकत माझ्या हाताला धरून बारा पावलं चालली, आत गेली, कडी लावली. बराच वेळ काही आवाज नाही. मग पाण्याचा मोठा लोट ऐकू आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण वाजवाव्याशा सगळ्यांना वाटल्या. बाहेर आली आणि म्हणाली, मला पाणी द्या. तांब्याभर प्याली. मग अजून मागितलं. मी तिथेच पायरीवर बसून रडले. तुम्ही रडू नकोस म्हणाला होता, पण ते दुसऱ्या कारणासाठी होतं.

आता ती पेज पिते, कालवण मागते, परवा मासळी मागितली. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं सावरतायत. खुबा तसाच आहे, पण खुब्याने कुणी मरत नाही म्हणे.

एक कबूल करते. मागच्या पत्रात मी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. आई दरवर्षी वस्त्रं काढते, उन्हात घालते आणि कुणी अंघोळ घालायची ते सांगते. गेल्या वर्षी ते काम मावशीच्या सुनेकडेच होतं. तुम्ही त्यातून जो अर्थ काढला तो मी खोडून काढला नाही, एवढंच. रागावावं, पण फार नाही.

बिरागो

•

ताकोराडी,
२२ नोव्हेंबर १९९६

चि. बिरागो हिस आशीर्वाद.

अक्काची प्रकृती सुधारते आहे हे वाचून आनंद झाला. तो आम्हा सगळ्यांना झाला. तुफूरला थोडा उशिरा झाला.

तरी काही बाबी उरतात. एक, ही सुधारणा कितपत टिकाऊ आहे याबद्दल डॉक्टरांचं लेखी मत मिळाल्यास बरं. तंबूवाला विचारतो आहे. दोन, कापड परत घेत नाहीत. तीन, आणि ही मुख्य. नगरसभेच्या दप्तरी आज अक्का त्या घराची एकमेव मालकीण आहे. आपण हे थोड्या अवधीसाठी गृहीत धरलं होतं. अक्का साधी बाई आहे. उद्या कुणी समोर मृत्युपत्र ठेवलं तर ती अंगठा उठवेल, आणि घर जाईल ते तुझ्या एकटीच्या ओटीत. मी तुझ्यावर संशय घेत नाही. मी कुणावरच घेत नाही, फक्त काळजी घेतो. तुफूर वकिलाला भेटला आहे. कागद तयार होतील ते आले की अक्काचा अंगठा घेऊन पाठव.

सगळ्यांत मिळून मिसळून राहावं, हाच माझा आशीर्वाद.

याव निमाको

•

बोआमाक्रोम,
१० डिसेंबर १९९६

चि. याव यास पोकुआचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बिरागोचं आहे, शब्द माझे आहेत. तिला सांगितलंय की मध्ये गाळायचं नाही.

तुफूरचा वकील यायच्या आधीच मी त्या कचेरीत जाऊन आले. टॅक्सीने गेले, बिरागो सोबत होती, तो कारकून चांगला मुलगा आहे, त्याने खुर्ची दिली. त्याला विचारलं, की बाबा, माझं नाव लिहिलंत तसं काढता येतं का? तो म्हणाला, की जोडणी झाली, आता हरकत नाही, घर कुळाचं आहे असा कागद करून द्या, दोन साक्षीदार आणा. केला. लॅम्प्टे साहेबांनी एक सही दिली, शेजारच्या पाद्रीबाईंनी दुसरी. तो कागद सोबत जोडला आहे. तुफूरला दाखव, त्याला शांत झोप लागू दे. घर जसं होतं तसं मेलेल्यांचं आणि जन्मायच्यांचं आहे. मी दोन महिने सतरा दिवस मालकीण होते. मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

मला घर नको होतं रे. मला बसायला जागा हवी होती.

हे तू मला एकदा विचारलं असतंस तर फेब्रुवारीतच सांगितलं असतं. तुम्ही अंगणात बसला होता त्या दिवशी माझ्या उशाशी खिडकी उघडी होती, हे तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वजांना हाका मारलेल्या मी ऐकल्या, नावं घेऊन घेऊन, पाणी घ्या, पेय घ्या, बसा म्हणून. ते ऐकून मला वाटलं, मी त्यांच्यात असते तर बरं झालं असतं, मलाही कुणी पाणी घे म्हणालं असतं. मग तुझा आवाज आला, की ती निघालीच आहे, तिचं नाव लिहा. कुणी नाही म्हणालं नाही. मी वाट पाहिली. इतक्या माणसांत एखादा तरी म्हणेल, की निघाली असं का म्हणता, ती तर आत आहे. तुफूरची बायको तेवढी म्हणाली, हळू बोला.

मग तू आत आलास. चार वर्षांनी आलास, याव. तुला पाठीवर बांधून मी बाजारात टोमॅटो विकलेत. तू माझ्या शेजारी बसलास, माझा हात घेतलास, मला वाटलं आता बोलशील. तू माझा अंगठा शाईत बुडवलास, कागदावर दाबलास, कापडाने स्वच्छ पुसलास आणि बाहेर गेलास. पुसलास मात्र छान. लहानपणी मी तुझं नाक पुसायची तसा.

मी रागावलेली नाही. या वयात राग ठेवायला जागा लागते, ती मी आता दुसऱ्या कामाला वापरते. तू आणलेलं कापड वाया घालवू नकोस, मुलांना दे. कुणाला यायचं असेल त्याने जरूर यावं, उतार दाखवणार नाही. फक्त सगळ्यांना मिळून बस करून येऊ नका, एकेकटे या, आणि मी बसले असताना या.

मी बरी आहे. तू मला विचारलं नव्हतंस, म्हणून मुद्दाम कळवते.

लोभ असावा, आणि असलाच तर तो जिवंतपणी असावा.

तुझी अक्का,
पोकुआ
(अंगठा)